हजेरी न घेणारे शिंगाडे सर

ऑनलाइन वर्ग घ्यायची वेळ आली की मी आधी पडद्यावरच्या काळ्या चौकोनांकडे बघते. चाळीस चौकोन, चाळीस नावं आणि चेहरा एकाचाही नाही. कोपऱ्यात यंत्र आपली आपण हजेरी लावत असतं. आमच्या शाळेतल्या नव्या शिक्षिका म्हणतात, "मॅडम, किती सोपं झालंय ना सगळं!" मी हो म्हणते. मग माइक चालू करते आणि विचारते, "कोण नाही आज?" पोरं बुचकळ्यात पडतात. जो नाही तो सांगणार कसा, आणि जे आहेत त्यांना दुसऱ्याचं काय ठाऊक? पण हे विचारल्याशिवाय माझ्या तोंडून शिकवण्याचा शब्द निघत नाही. ही खोड माझी नाही, शिंगाडे सरांची. सर जाऊन दोन वर्षं झाली, खोड तेवढी माझ्याकडे राहिली.

सर आणि मी एका वर्गात शिकलो, पण लहानपणी नव्हे. मी अडतीसची होते आणि ते एक्कावन्नचे. शिक्षकांसाठी डिजिटल अध्ययनाची पदव्युत्तर पदवी निघाली होती. शनिवारी दुपारी आणि रविवारी दिवसभर वर्ग भरायचे, केंद्र क्रांती चौकापासून चालत दहा मिनिटांवर. आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, "पाठक, पुढे सुपरवायझर व्हायचं असेल तर कागद लागेल." आमचं घराणं कागदावरच जगलेलं. पणजोबा पंचांग बघायचे, आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून, वडील हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. कागद लागेल म्हटल्यावर आम्ही कशाला असं विचारत नाही. मी फॉर्म भरून मोकळी झाले.

शिंगाडे सर फुलंब्रीच्या पलीकडे एका धनगरवस्तीवरच्या शाळेत शिक्षक होते. स्वतःही त्याच समाजातले, तशाच एका वस्तीवर वाढलेले. दीडेक तास मोटारसायकल हाकत यायचे. गाडीच्या सीटवर चौघडी करून काळी घोंगडी बांधलेली. भर उन्हाळ्यात घोंगडी बघून आमच्या वर्गातली तरुण मास्तरमंडळी खुसखुसायची. एकाने विचारलंच, "काय सर, थंडी वाजते का?" सर म्हणाले, "गाडीला वाजती." पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, स्टीलच्या डब्यात भाकरी आणि ठेचा. बसायचे कायम शेवटच्या बाकावर. मला वाटलं, वय झालेलं, कॉम्प्युटरची भीती, म्हणून मागे लपतायत. माणसाबद्दल पहिल्या दिवशी मत करून टाकायची मला घाई असते आणि ते बहुतेक वेळा चुकतं.

आम्हाला शिकवायला काझी सर होते, जुन्या शहरातले. एका वाक्यात तीन भाषा बोलायचे आणि तिन्हीत कडक. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी ते नव्या पोर्टलवर हजेरी घेत होते आणि पोर्टल अडकलं. पडद्यावर गोल चक्र फिरतंय, काझी सर घाम पुसतायत, आम्ही बावीस शिक्षक बघतोय. तेवढ्यात मागून आवाज आला.

"सर, वैजापूरच्या जोशीबाई आल्या नायत. आन् ते गंगापूरचे चष्मेवाले खाली चहाला गेलेत. बाकी समदे हायेत."

काझी सरांनी मान वर केली. "आपने गिना क्या?"

"मोजलं नाय सर. दिसलं."

पाच मिनिटांनी पोर्टल सुरू झालं. सर म्हणाले होते तेच निघालं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना विचारलं. सर भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "मेंढरं मोजत नसतेत म्याडम. मोजली की नजर लागती. माझा आजा लई मोठ्या कळपाचा मालक, पर त्याला आकडा इचारला तर म्हनायचा, हायेत देवाच्या किरपेनं. पर सांजच्याला मेंढरं वाडग्याच्या कुंपनात शिरायला लागली की तोंडाशी उभा राहायचा. नुस्ता बघायचा. आन् म्हनायचा, ती कानफाटकी नाय आली. मग कुनी जेवायचं नाय, ती सापडस्तोवर."

"आणि शाळेत?"

"शाळेत बी तेच. मागं उभं राहिलं की समदी दिसत्यात."

त्यांच्या शाळेत सकाळी नावं पुकारली जात नसत. सर दारात उभे राहायचे, वर्गावरून नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "मंगल नाय. का?" मंगल का नाही ते कुणीतरी सांगायचं. ताप आलाय, मामाकडे गेली, टँकरच्या रांगेत हंडा धरून बसलीय. कुणालाच माहीत नसेल तर शेजारच्या घराकडे एक जण पळायचा आणि तो परत येईपर्यंत धडा सुरू व्हायचा नाही. हजेरीपत्रक सर संध्याकाळी भरायचे. तपासणीला येणारे साहेब त्यावरून कुरकुरायचे, कारण सकाळी अकरा वाजता ते कोरं दिसायचं.

मला हे तेव्हा गमतीचं वाटलं. घरी आल्यावर नवऱ्याला हसत हसत सांगितलं.

कॉम्प्युटरची मात्र सरांना खरोखर अडचण होती. पहिला स्वाध्याय त्यांनी फुलस्केप कागदावर सुंदर वळणदार अक्षरात लिहिला आणि त्याचे फोटो काढून पाठवले. काझी सरांनी परत केला: टाइप करा. मग ते चार-पाच रविवार वर्ग सुटल्यावर माझ्या घरी टायपिंग शिकायला आले. आमचा फ्लॅट शहराच्या उत्तरेला, नव्या वसाहतीत. पहिल्यांदा आले तेव्हा गॅलरीत उभे राहून बराच वेळ खाली बघत होते. मला वाटलं, गाडी लावलीय तिकडे लक्ष आहे. म्हणाले, "तुमची पार्किंग हाय ना, तिथं आमी मेंढरं बसवायचो. पाटलाचं रान व्हतं. रातभर मेंढरं बसली की रानाला खत मिळायचं, आमाला जेवान. त्या जिन्यापाशी चिचंचं झाड व्हतं."

मी नुसतंच "हो का?" म्हणाले. आमच्या ब्रोशरवर लिहिलं होतं, निसर्गरम्य परिसर.

त्या वर्षी आमच्याकडे नळाला पाच दिवसांआड पाणी यायचं. पाण्याचा दिवस म्हणजे सणच. ड्रम, बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवायचा. मी सरांपुढे पाण्याचा पेला ठेवला की ते म्हणायचे, "अर्धाच द्या." तेवढंच पिऊन पेला पालथा घालायचे. दुष्काळाच्या गावच्या माणसाची ही रीत असेल असं मी समजत होते. नंतर कळलं की पाऊस असलेल्या वर्षांतही ते अर्धाच पेला घ्यायचे.

टाइप करताना एका बोटाने एकेक अक्षर शोधायचे आणि मध्येच थांबून असा प्रश्न विचारायचे की माझी पंचाईत व्हायची. "म्याडम, ह्ये लर्नर एंगेजमेंट म्हन्जे काय?"

मी पाठ केलेली व्याख्या सांगितली, चांगली चार ओळींची.

"म्हन्जे पोराचं मन आलंय का नाय, ह्येच ना?"

"हो, तसंच म्हणा."

"मग लई सोपं हाय," म्हणाले आणि 'एंगेजमेंट'चा एं शोधायला लागले.

शेवटच्या सत्रात प्रत्येकाने आपल्या वर्गावर एक प्रयोग करून त्यावर प्रबंध लिहायचा होता. केंद्राने एक ॲप दिलं होतं. शिक्षकाने त्यात आपले पाठ टाकायचे, प्रत्येक मुलाला स्वतंत्र लॉगिन द्यायचं. मूल कितीदा पाठ ऐकतं, किती वेळ ऐकतं, सगळी नोंद आपोआप व्हायची. रेंज नसली तरी चालायचं, पाठ फोनमध्ये उतरवून ठेवता यायचे आणि रेंज मिळाली की नोंद वर जायची. मी आठवीच्या एका तुकडीवर प्रयोग केला. मुलांनी पाठ घरी टॅबवर ऐकायचे, मी चाचण्या घ्यायच्या. चार मुलं अर्ध्यात गळाली. कुणाचा टॅब बिघडला, कुणी आलंच नाही. मी ती चौघं तक्त्यातून काढून टाकली. सगळेच तसं करत होते, त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं. टक्केवारी छान वर गेली.

सरांच्या शाळेत त्याच सुमारास निम्मा वर्ग रिकामा झाला. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी झाला नव्हता. वस्तीवर चारा नाही, पाण्याचा टँकर येईल तेव्हा खरा. मेंढरांना पूर्वी शहराच्या कडेकडेने दक्षिणेला जायची वाट होती, तिच्यावर प्लॉटिंगचे दगड आणि तारेची कुंपणं उभी राहिलेली. तरी माणसं वळसे घेत घेत मेंढरं पैठणच्या धरणाकडे घेऊन गेली. पाणी आटून धरणाचं पोट उघडं पडलं होतं आणि त्या ओल्या गाळावर गवत होतं. मोठ्यांबरोबर अकरा पोरं गेली, तिसरी ते पाचवीची.

तालुक्याच्या साहेबांनी सरांना सांगितलं की पोरं इतके दिवस गैरहजर राहिली तर नावं पटावरून कमी करावी लागतील. साहेब वाईट नव्हते, त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. सर म्हणाले, "पोरं गैरहजर नायत साहेब. तिकडं शिकत्यात. पुरावा दावतो." पुरावा म्हणजे हे ॲप. सरांनी अकरा लॉगिन करून दिली होती, तीन-तीन चार-चार मिनिटांचे पाठ स्वतःच्या आवाजात भरले होते, आणि सगळ्यांत मोठी पाचवीतली काशी, तिच्या बापाच्या फोनमध्ये ते उतरवून दिले होते. अकरा पोरांची नावं आणि स्वतःची पदवी, दोन्ही सरांनी त्या एका फोनच्या भरवशावर ठेवलं होतं.

दोन महिन्यांनी काझी सरांनी आम्हाला एकेकाला बोलावून आकडे तपासले. माझ्या तक्त्यावर खूश झाले. मग सरांचा तक्ता पडद्यावर उघडला. मी शेजारीच बसले होते. अकरा नावं, दहांसमोर शून्य. काशीसमोर आकड्यांची रांगच रांग. अपूर्णांकांचा एकच पाठ तिने एका दिवसात नऊ वेळा सुरू केलेला.

काझी सरांनी चष्मा काढला. "शिंगाडे साब, ये क्या है? दस बच्चों ने कुछ सुनाच नहीं. और ये एक लडकी एकच पाठ नौ बार? या तो उसको समझ नहीं रहा, या किसीने फोन चालू करके छोड दिया."

सर पडद्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आजवर कोण नाही हे त्यांना न मोजता कळत होतं, आणि आज दहा जण नाहीत असं यंत्र सांगत होतं. पोरांनी आपला शब्द पाळला नाही असं त्यांना वाटलं की काय, मी विचारलं नाही.

काझी सर जरा नरम झाले. "देखो, गावात जी चौदा पोरं राहिलीत, त्यांचा डेटा अच्छा है. उतनाच लिखो. गेलेल्यांना निकाल दो. पाठकमॅडमने भी चार निकाले. इसमें कुछ गलत नहीं, सब करते हैं."

"गेलेल्यांसाठीच तर केलं व्हतं सर," शिंगाडे सर म्हणाले. "त्यांनाच काडलं तर मी डिग्री कशाची घेऊ?"

बाहेर पडल्यावर जिन्यात त्यांनी मला विचारलं, "म्याडम, तुमी चार काडली?"

"हो."

"नावं काय त्यांची?"

मला एकही नाव चटकन आठवेना. मी म्हणाले, "आत्ता लक्षात नाही." सरांनी मान हलवली आणि गाडी काढली. मला त्यांचा राग आला. सगळे करतात ते मी केलं होतं, आणि हा माणूस मला जिन्यात उभं करून जाब विचारतो! रिक्षात बसले तरी राग गेला नाही. घरी पोचेपर्यंत कळलं होतं की राग त्यांच्यावर नाही.

पुढच्या रविवारी सर पैठणला निघाले तेव्हा मीही बरोबर गेले. नवऱ्याला सांगितलं, प्रबंधाचं काम आहे. सर मोटारसायकलवर, मी एसटीने. पुढे फाट्यावर ते घ्यायला आले. धरणाचं पाणी मी लहानपणी सहलीला पाहिलं होतं, समुद्रासारखं. आता गाडी त्याच जागेवरून चालली होती. भेगाळलेला गाळ, मग लांबवर हिरवा पट्टा, त्यात मेंढरं आणि कडेला चार-पाच पालं.

दुपारची वेळ होती. ताडपत्रीच्या सावलीत पोरं जमत होती. मधोमध एका उलट्या पातेल्यावर फोन, म्हणजे आवाज मोठा येतो म्हणून. सरांनी मला खूण केली आणि आम्ही पालाच्या आडच थांबलो. काशी सगळ्यांच्या मागे उभी होती, काटकुळी, डोक्याला फडकं बांधलेली. तिने नजर फिरवली. "येळू नाय. का?"

"पानी पाजतोय, येतोय," कुणीतरी म्हणालं.

ती थांबली. येळू आला, बसला. तिने पाठ सुरू केला. सरांचा आवाज गाळावर घुमायला लागला, एका भाकरीचे चार भाग केले तर. दोन मिनिटं झाली असतील, लांबून एक मुलगी कडेवर कोकरू घेऊन पळत आली. काशीने पाठ थांबवला. मुलगी बसल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावला. एका भाकरीचे चार भाग केले तर. थोड्या वेळाने दोन लहानगे आले. पुन्हा पहिल्यापासून. कुणी कंटाळलं नाही, कुणी कुरकुरलं नाही. आधी आलेली पोरं सरांच्या आवाजाबरोबर वाक्यं म्हणायला लागली होती.

मी मनात मोजत होते. चौथ्यांदा पाठ सुरू झाला तेव्हा मी सरांकडे बघितलं. ते खांद्यावर घेतलेल्या घोंगडीच्या टोकाने डोळे पुसत होते. उघडपणे, लपवाछपवी न करता.

नंतर काशीला विचारलं, बाकीच्यांचं लॉगिन का वापरलं नाही? तिला प्रश्नच कळला नाही. "फोन एकच हाय की, बाई. एकदा चालू झाला, पुन्हा कशाला बंद करायचा?" आणि नऊ वेळा का? "मंग? सर तरी कुठं सुरू करतेत, समदे आल्याबिगर?"

हे मी काझी सरांना सांगितलं. ते म्हणाले, मानतो. पण मानून प्रबंध होत नाही. अकरा पोरांची चाचणी होऊ दे, बाहेरच्या शिक्षकाने घेऊ दे, मग बघू. तालुक्याच्या साहेबांनीही तेच ठरवलं: चाचणीला जे मूल हजर असेल आणि लिहील त्याचं नाव पटावर राहील, जे नसेल त्याचं जाईल. बाहेरची शिक्षिका म्हणून माझं नाव ठरलं. तोवर आमचे शनिवार-रविवारचे वर्ग संपले होते, प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते.

चाचणीच्या दिवशी काझी सरच आपली गाडी घेऊन आले. "चलो, हम भी देखते," म्हणाले. सकाळी दहाला आम्ही पालांपाशी पोचलो. सर आधीच आलेले. बाभळीच्या सावलीत पोरं ओळीने बसलेली, अंघोळ करून, केसांना तेल लावून. मी कागद वाटायला काढले. सरांनी नजर फिरवली.

"काशी नाय."

काशीच्या आजोबांना पहाटे ताप भरला होता, बाप त्यांना घेऊन पैठणला दवाखान्यात गेला होता. बाकीची मोठी माणसं आपापल्या मेंढरांमागे चहूकडे पांगलेली. काशीच्या घरची मेंढरं दीड-दोन मैलांवर, पाण्याच्या कडेला, आणि त्यांच्यामागे काशी एकटी. मेंढरं सोडून ती येणार कशी? लांडग्याचं भय होतं तिकडे.

काझी सरांनी घड्याळ पाहिलं. त्यांना एक वाजता शहरात बैठक होती. "दस तो हैं. शुरू करो, मॅडम."

मी कागद वाटले. एकाही पोराने पेन्सिल उचलली नाही. मंगल म्हणाली, "काशी आली नाय बाई." जणू मला दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर मला तेव्हा चीड आली. दहा पोरांची नावं वाचतायत, ती तरी वाचवा. एकीसाठी सगळ्यांचं नुकसान कशाला? मी सरांना म्हणाले, "सर, तुम्ही सांगा ना त्यांना."

सर गाडीपाशी गेले, सीटवरची घोंगडी सोडली. तिचं एक टोक डोक्यावर घेतलं, चपला काढून हातात घेतल्या, कारण पुढे ओला गाळ होता, आणि पाण्याच्या दिशेने चालायला लागले. गाडी तिथे चालली नसती. पन्नाशी ओलांडलेला माणूस, भराभर पावलं टाकत, लहान होत होत दिसेनासा झाला.

"कहाँ गए ये?" काझी सरांनी विचारलं.

सव्वा तास आम्ही तसेच बसलो. पोरं हलली नाहीत. मग लांबून एक ठिपका पळत येताना दिसला. काशी धापा टाकत आली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. पुढे जागा ठेवली होती, तरी ती सगळ्यांच्या मागे जाऊन बसली. बसल्यावर तिने आधी ओळीवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "सर मेंढरामागं हायेत. सर म्हनले, माझ्यासाठी थांबायचं नाय. लिवा."

सगळ्यांनी पेन्सिली उचलल्या.

काझी सर बैठकीला गेले नाहीत. पोरं लिहीत होती तोवर ते बाभळीला टेकून उभे होते. नंतर त्यांनी स्वतः एकेक कागद पाहिला. दोन-तीन पोरं कच्ची होती, बाकीच्यांनी मला लाज वाटावी इतकं बरं लिहिलं होतं. अपूर्णांक तर कुणाचाच चुकला नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगते. साहेबांनी अकराही नावं पटावर ठेवली. सरांनी प्रबंधात यंत्राचा तक्ता होता तसाच दिला, दहा शून्यांसकट, आणि खाली एका बोटाने टाइप केलं: लॉगिन एक, मुलं अकरा. पुढची दोन पानं ती एकाची अकरा कशी झाली त्याची हकिकत होती. काझी सरांनी त्यातला शब्द बदलू दिला नाही. सरांना दुसरा वर्ग मिळाला, मला पहिला. पदवी समारंभाला ते आले नाहीत, शाळेचा दिवस होता. पुढे त्यांची बदली लांब झाली, मी सुपरवायझर झाले. फोन व्हायचे. भेट मात्र पुन्हा झाली नाही.

म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दुपारी. चाचणी संपल्यावर मी काशीबरोबर चिखल तुडवत पाण्याच्या कडेपर्यंत गेले. सर मेंढरांच्या मागे उभे होते, डोक्यावर घोंगडी, हातात काशीची काठी. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खिशाला दोन पेनं तशीच. काशीने काठी घेतली, मेंढरांवर एक नजर टाकली आणि मान हलवली. एकही कमी नव्हतं.

"झालं?" सरांनी मला विचारलं.

"झालं सर. अकराच्या अकरा."

"आकडा नगं. नावं सांगा."

मी सांगितली. काशी, मंगल, बिरा, सुंदर, दगडू, लक्ष्मी, म्हाळू, ताई, रामा, येळू, शेवंता. एकदाही अडखळले नाही. सर प्रत्येक नावाला मान डोलवत होते. मग म्हणाले, "आता तुमच्या चौघांची."

मी तयारीत होते. जिन्यातल्या त्या दिवसापासून डोकं खाजवत होते. "इम्रान," मी म्हणाले. "पूजा. तन्मय." आणि चौथं नाव आलं नाही. वर्ग डोळ्यांपुढे आणला, बाक आणले, खिडकी आणली. तिथे कुणीतरी बसायचं. मुलगी होती. एवढंच.

सरांनी वाट पाहिली. चांगली दोन-तीन मिनिटं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"मग एक अजून बाहेरच हाय म्हनायचं," ते म्हणाले. आणि काशीला पालाकडे जेवायला पाठवून, तिच्या हातची काठी पुन्हा घेऊन, मेंढरांमागे चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत सगळ्यांच्या आधी पोचले. शिपायाकडून कपाट उघडून घेतलं, मागच्या सत्राचं हजेरीपत्रक काढलं आणि उभ्या उभ्याच पानं उलटली. आरती. तिचं नाव आरती होतं.